कॅराव्हॅनमधली मोरी

स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ओल्या पावात बोट जावं तसा. वरदाने जोर लावलाच नव्हता. तिने तो उपसून वीतभर पुढे टेकवला. पुन्हा आत. आणखी वीतभर पुढे, पुन्हा तेच. चौथ्या वेळी मात्र टक् असा आवाज आला आणि टोक अडलं. तिथे तिने पेन्सिलीने फुली मारली.

कॅराव्हॅनच्या दाराला टेकून डेरेक हे सगळं बघत होता. लोकांच्या कॅराव्हॅन, म्हणजे सुट्टीत राहायची ही चाकांवरची घरं, गाडीमागे ओढून इकडून तिकडे नेणं हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "मी हिला नेत नाही बाई. जुन्या कॅराव्हॅनच्या भिंती तळावरच उभ्या असतात. असला भुसा घेऊन मी हायवेला लागलो, तर विट्बीला पोचेपर्यंत माझ्या गाडीमागे नुसती चाकं उरतील."

"तळ बदलला तर?"

"कुणी बदलायचा?"

"मी."

डेरेकने तिच्याकडे पाहिलं. पन्नाशीची, चष्मा लावलेली, बाबांचा जुना स्वेटर घातलेली बाई. मग त्याने जमिनीवरच्या पेन्सिलीच्या फुलीकडे पाहिलं. "शुक्रवारी अकराला येतो," तो म्हणाला. "तळ असला तर विट्बी. नसला तर भंगारवाल्याला मीच फोन लावून देतो."

तो दिवस शनिवारचा होता.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता नॉटिंगहॅमच्या या घराच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हातात द्यायच्या होत्या. आई लीड्सला वरदाच्या धाकट्या भावाकडे, गंधारकडे राहायला जाणार होती. घरातलं सामान कधीच वाटून, देऊन, बांधून झालं होतं. राहिली होती ती ड्राइव्हवरची, घरासमोर गाडी लावायच्या जागेतली, कॅराव्हॅन. वरदा सहा वर्षांची असताना बाबांनी ती घेतली, तेव्हाच ती दहा वर्षांची जुनी होती. दर ऑगस्टमध्ये विट्बीजवळच्या एका शेतात दोन आठवडे जायचं, हा उकिडव्यांच्या घरातला नेम. ते शेत आता जुन्या मालकाच्या मुलीकडे होतं, आणि कॅराव्हॅन कायमची तिथे ठेवायला ती तयार होती. फक्त ती तिथपर्यंत पोचायला हवी होती.

बाबा जानेवारीत गेले. डॉक्टर जयंत उकिडवे, तीस वर्षं हॉस्पिटलात भूल देत होते. स्वतः मात्र झोपेतच गेले, कुणाला काही करायची संधी न देता.

त्याआधीच्या ऑक्टोबरात त्यांनी वरदाला फोन केला होता. "कॅराव्हॅनवरची ताडपत्री फाटलीय गं. एक दिवस येशील का? मला एकट्याला शिडीवर चढू देत नाही तुझी आई." वरदा म्हणाली, पुढच्या आठवड्यात येते. नोव्हेंबरात त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही ती तेच म्हणाली. शेफिल्डहून नॉटिंगहॅम तासाभराच्या वाटेवर आहे. डिसेंबरात त्यांनी विचारलं नाही.

आता त्या जमिनीत रुतलेला स्क्रूड्रायव्हर बघताना तिला एवढंच कळत होतं, की हा तळ आपण कुजवला आहे, आणि तो आपणच बदलायचा आहे. हे ती कुणाशी बोलली नव्हती. बोलून काही सुटतं असं तिला वाटत नसे.

संध्याकाळी गंधारचा फोन आला, त्याच्या नेहमीच्या मोडक्या मराठीत. "ताई, सोड ना. ते कॅराव्हॅन मेला आहे. आय मीन, ऑनेस्टली. आईपण म्हणते देऊन टाक."

"आई काय म्हणते ते मी ऐकलंय."

"मग? तुला कार्पेंट्री येते कधीपासून?"

"उद्यापासून," वरदा म्हणाली.

आई खरोखरच म्हणत होती, देऊन टाक. आठ महिने तेच म्हणत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॅराव्हॅन दिसायची म्हणून तिने त्या खिडकीचा पडदा ओढून ठेवला होता. वरदाने कारण विचारलं नाही. आईला त्रास होतो हे दिसत होतं, तेवढं पुरे होतं.

रविवारी वॉटफर्डहून श्रीनिवासकाका आले. बाबांचे पहिल्या नोकरीपासूनचे मित्र, वय ऐंशी, हाडांचे निवृत्त डॉक्टर. हातात कपड्यांची लहान बॅग आणि हत्यारांची मोठी पेटी.

"वहिनी, चहा टाका," दारातूनच ते म्हणाले. "पेशंट कुठाय?"

"भावजी, तुम्ही तरी तिला समजवा हो," आई म्हणाली.

"समजवायलाच आलोय. करवत कशी धरायची ते."

काकांचे दोन्ही गुडघे बदललेले होते. ("माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं बदलले. बरे केलेत. मी केले असते तर अजून बरे झाले असते.") त्यामुळे ते कॅराव्हॅनच्या दाराशी घडीच्या खुर्चीत बसणार आणि वरदा आत गुडघ्यांवर रांगणार, अशी कामाची वाटणी आपोआपच झाली.

पहिला दिवस सगळं उपसण्यात गेला. बाक, कपाट, गॅसची शेगडी, मागच्या कोपऱ्यातल्या न्हाणीची पातळ भिंत. वरदाची नोकरी जुन्या दप्तरखान्यात, विस्कटलेले कागद क्रमाने लावण्याची. तिने प्रत्येक फळीला आणि प्रत्येक स्क्रूच्या पुडीला चिठ्ठी लावली. मग जमिनीवर चिकटवलेलं लिनोलियम सोलून काढलं. खाली प्लायवुडचा तळ, आणि तो मागच्या उजव्या कोपऱ्यात काळाकुट्ट.

"कुठपर्यंत कापायचं?" तिने विचारलं.

"रक्त येईपर्यंत," काका म्हणाले. "मेलेलं थोडंसुद्धा आत ठेवायचं नाही. जरा राहू दे, चालेल, असं वाटलं की समज तिथेच पुढच्या वर्षी पुन्हा उघडावं लागणार. चांगलं लाकूड लागलं की त्याच्याही पुढे चार बोटं जा."

सोमवारी तिने कापलं. आधी जॅक आणि ठोकळे लावून भिंत उचलून धरली. करवत तळाच्या जाडीइतकीच बाहेर ठेवली, म्हणजे खालच्या आडव्या वाशांना धक्का लागू नये. कुजलेला भाग पटाशीने सुटत नव्हता, हातानेच ओरबाडावा लागत होता. ओल्या कागदासारखे त्याचे थर निघत. दुपारपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश जमीन गेली आणि कॅराव्हॅनमध्ये बसून खालच्या ड्राइव्हच्या फरश्यांमधलं गवत दिसू लागलं. एक वासाही गेलेला होता. तोही काढला. संध्याकाळी तिची बोटं मिटत नव्हती. काकांनी ती एकेक करून तपासली आणि म्हणाले, "काही नाही, फक्त वापरात नव्हती."

मंगळवारी नवीन प्लायवुड आलं. आठ फूट बाय चार फुटांचं अखंड पान कॅराव्हॅनच्या दारातून आत जात नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दोघंही काही वेळ त्या दाराकडे आणि त्या पानाकडे आळीपाळीने बघत राहिले.

"बाळंतपणातली जुनी अडचण," काका म्हणाले. "दोन तुकडे कर. सांधा बरोबर वाशावर आण."

वरदाने सामान बांधायच्या खोक्यांचे पुठ्ठे जोडून त्या भोकाचा साचा कापला. चाकाच्या उंचवट्याभोवतीचं वळण तिने तीनदा तपासलं. साच्यावर आईच्या अक्षरात "किचन, स्टीलचे डबे" असं लिहिलेलं होतं. जेवण झालं आणि काका खुर्चीतच पेंगले. थांबायला वेळ नव्हता. तिने साचा प्लायवुडवर ठेवला, रेघ मारली आणि कापलं. तुकडा छान निघाला. आत नेऊन बसवायला गेली, तेव्हा वळण उजवीकडे हवं तिथे डावीकडे होतं. साचा उलटा पडला होता.

करवतीच्या आवाजाने जागे झालेले काका खुर्चीतून म्हणाले, "बसला?"

"उलटा कापला."

त्यावर काका हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "नवीन डॉक्टरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो," ते म्हणाले. "पेशंट जागा असताना त्याच्या पायावर मार्करने बाण काढा. हा पाय, हा. हुशार मुलांना अपमान वाटायचा. घाईत डावं-उजवं सगळ्यांचं चुकतं गं. हुशारांचं जास्त."

वरदा कॅराव्हॅनच्या पायरीवर बसली. एक पान वाया गेलं होतं, अर्धा दिवस गेला होता. डोळे भरून येताहेत असं वाटलं, म्हणून तिने चष्मा पुसला. मग उठली, गाडीची किल्ली घेतली आणि लाकडाच्या वखारीत जाऊन, बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी, दुसरं पान आणलं. काकांनी त्यावर मोठ्या अक्षरांत मार्करने लिहिलं: "ही बाजू वर." आणि खाली एक बाण.

बुधवारी सकाळी तुकडे बसवायच्या आधी ती कॅराव्हॅनखाली शिरली. वाशांना काळं डांबरी रंगकाम करायचं होतं. सोमवारी उपसून टाकलेल्या कचऱ्याचा एक मोठा गठ्ठा खाली लोंबकळत राहिला होता. तिने तो ओढला. लाकडाच्या काळ्या लगद्यात एक नळी अडकली होती. काळी, रबरी, अंगाला घड्या घड्या असलेली, हातभर लांब. जागोजागी भेगा पडलेल्या.

तिने ती बाहेर आणून काकांना दाखवली.

काकांनी ती हातात घेतली आणि एकदम खुर्चीत मागे टेकले. "अरे जयंता," ते म्हणाले. "अगं, ही भूल द्यायच्या मशीनची नळी आहे. जुन्या मशीनची. ह्यातून पेशंटला गॅस जायचा. ही इथे काय करतेय?"

वरदाला आठवलं. विसरलेली नव्हती ती, फक्त इतकी सवयीची गोष्ट होती की तिचा कधी विचारच केला नव्हता. कॅराव्हॅनमध्ये मोरी होती. न्हाणीच्या कोपऱ्यात, जमिनीला, हाताच्या मुठीएवढं भोक. आई रोज सकाळी शेगडीवर पाणी तापवायची, बादलीत विसण घालायची आणि पितळी तांब्याने अंघोळ करायची. मग वरदा, मग गंधार. पाणी त्या भोकातून खाली गवतात जायचं. शेजारच्या कॅराव्हॅनमधली मुलं सकाळी दात घासत उभी राहून, उकिडव्यांच्या घराखालून वाफाळतं पाणी कसं पडतं ते बघायची. वरदाला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"हे अजून आहे?"

आई त्यांच्यामागे उभी होती. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच ड्राइव्हवर आली होती. हातात काकांच्या चहाचा कप, आणि नजर त्या नळीवर.

"पहिल्या वर्षी मी हटून बसले," आई म्हणाली. ती वरदाशी बोलत नव्हती, नळीशीच बोलत होती. "तिथे त्या शेतावर सगळ्या बायकांची मिळून एकच न्हाणी, अर्ध्या दाराची. मी म्हटलं, मी असली अंघोळ करायची नाही, आणि अंघोळ केल्याशिवाय शेगडीला हात लावायची नाही. दोन दिवस ह्यांनी सगळ्यांना ब्रेड खायला घातला. घरी आल्यावर पुढच्याच शनिवारी भोक पाडलं. चांगल्या सागासारख्या जमिनीला. मी नको नको म्हणेपर्यंत पाडूनसुद्धा झालं."

"वहिनी, चहा सांडतोय," काका म्हणाले.

आईने कप त्यांच्या हातात दिला. "नव्वद सालच्या सुमारास मला पायाखाली मऊ लागायला लागलं. मी बोलले नाही. म्हटलं, बोलले तर हे मोरी बंद करतील. तीस-पस्तीस वर्षं मी त्या मऊ जमिनीवर उभी राहून अंघोळ केली." ती थांबली. "तू आल्यापासून गप्प आहेस, खाली मान घालून नुसती खणतेयस. मला वाटलं, तुला कळलंय. माझ्यामुळे कुजली हे तुला कळलंय आणि तू बोलत नाहीयेस."

वरदा उभीच राहिली. तिच्या हाताला काळा लगदा लागला होता. "मला वाटलं ताडपत्रीमुळे," ती म्हणाली.

"कुठली ताडपत्री?"

"बाबांनी बदलायला बोलावलं होतं. मी आले नाही."

"ती होय!" आई म्हणाली. "ती ह्यांनी समोरच्या पोलिश मुलाकडून डिसेंबरात बदलून घेतली. अगं, नवी कोरी आहे. निळी. तूच नाही का परवा काढून घडी केलीस?"

वरदाने गॅरेजकडे पाहिलं. घडी तिनेच केली होती. फाटलेली दिसत नाही याचा त्या घाईत विचारच केला नव्हता. तिने छपराच्या कडा, खिडक्या, भिंती आठवून पाहिल्या. सगळं कोरडं होतं. डाग होता तो फक्त एका कोपऱ्यात, आणि तो खालून वर आलेला.

काकांनी घसा साफ केला. "नळी घातलीन, पण भोकाची कड उघडीच ठेवलीन," ते म्हणाले. "प्लायवुडची कापलेली कड म्हणजे उघडं हाड. पाणी पिणारच. रबर तडकलं आणि झालं. वहिनी, तुमचा दोष नाही. ऑपरेशन चुकलं. आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवणारा मनुष्य, सुतारकाम कुठून येणार?"

आई हसली. हसताना पदर तोंडाला लावावा तसा तिने कार्डिगनचा हात तोंडाला लावला आणि तशीच घरात गेली. थोड्या वेळाने वरदाला दिसलं, की स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बाजूला सरकला आहे.

बुधवारी संध्याकाळी नवा वासा बसला. दोन्ही तुकडे बसले. "ही बाजू वर" वरच आली. दर चार बोटांवर एक स्क्रू, कडेला सीलंट. जॅक सोडला तेव्हा भिंत नव्या तळावर टेकली आणि लाकूड एकदाच करकरलं. वरदा त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मग तिने दोन्ही पायांनी उडी मारली. कप खाली ठेवून काका टाळ्या वाजवायला लागले.

गुरुवारी सकाळी फक्त लिनोलियम अंथरायचं आणि न्हाणीची भिंत उभी करायची होती. आई आली ती हातात पितळी तांब्या घेऊन. तिने आत डोकावून पाहिलं. कोपऱ्यातली जमीन सपाट, पिवळी, अखंड होती.

तिने तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "छान झालंय," म्हणाली आणि परत वळली.

"आई, थांब," वरदा म्हणाली. "काका, सगळ्यात मोठी गोल करवत कितीची आहे?"

काका खुर्चीतून उठले, ही त्या आठवड्यातली पहिलीच वेळ. "नाही हं. अजिबात नाही. मी चार दिवस इथे बसून काढलेत. नव्या हाडाला भोक?"

"बाबांनी भोक पाडलं ते चुकलं नाही, काका. कड उघडी ठेवली ते चुकलं. तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. पण हातात दिवस एक!"

"एक पुरे."

"शेतावर पाणी आता असं जमिनीवर सोडू देत नाहीत ते लोक. नियम बदललेत."

"खाली बादली ठेवू."

"मग ती मोरी कसली?" आई म्हणाली. पण ती परत फिरून पायरीवर येऊन उभी राहिली होती.

काकांनी दोघींकडे पाहिलं. मग खाली वाकून पेटीतून मार्कर काढला आणि वरदाला दिला. "जिथे पाडायचं तिथे आधी खूण कर. आणि वासा कुठे आहे ते बघून कर, बापावर जाऊ नकोस."

तिने खूण केली. भोक पाडलं. लाकडाची गोल चकती निघाली ती आईने उचलून कार्डिगनच्या खिशात टाकली. मग वरदाने ते दोन बाटल्यांतून मिसळायचं पातळ रेझिन घेतलं आणि ब्रशने भोकाच्या कडेला पाजलं. लाकूड पीत राहिलं. तिने थांबून पुन्हा लावलं. दुपारी तिसरा हात दिला. संध्याकाळी कड काचेसारखी कडक झाली होती. तिच्यात तिने बेसिनच्या तळाला असते तशी जाळीची तोटी बसवली, वरून खालून रबर आणि सीलंट घालून घट्ट आवळली, आणि खाली नवी पांढरी नळी जोडली. काकांनी जुनी नळी बघायला मागून घेतली होती. ती सगळ्यांच्या देखत त्यांच्या बॅगेत गेली.

शुक्रवारी पावणेअकराला डेरेकची गाडी ड्राइव्हवर शिरली तेव्हा वरदा कॅराव्हॅनखाली उताणी पडलेली होती. दिसत होते ते फक्त तिचे बूट.

डेरेक आत गेला. त्याचे जड पाय तिच्या डोक्यावरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेले. एका जागी थांबून त्याने टाच आपटली. पुन्हा आपटली. मग बाहेर येऊन खाली वाकला. "तळ आहे," तो म्हणाला. "उत्तम आहे. जोडू का गाडीला?"

"पाच मिनिटं."

"कशासाठी?"

"माझी आई पाणी ओतणार आहे."

डेरेकने घडीच्या खुर्चीतल्या काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. "शेवटची तपासणी," ते इंग्रजीत म्हणाले. डेरेक टोपी काढून बाजूला उभा राहिला.

वरदाने टॉर्चचा उजेड भोकाच्या कडेवर धरला. वर आईची पावलं आली, न्हाणीच्या कोपऱ्यात थांबली. तिथे आता काही मऊ लागणार नव्हतं. बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

"ओतू?"

"ओत."

पाणी आलं. पांढऱ्या नळीतून एकच सरळ धार, गरम, वाफ येत असलेली. खाली बादली ठेवायची राहिली होती. धार ड्राइव्हच्या फरशीवर पडली आणि वरदाच्या मानेखालून, केसांतून, स्वेटरच्या गळ्यातून गेली. ती हलली नाही. तिने हात वर करून कोरडं बोट तोटीभोवती, लाकडाच्या कडेवरून पूर्ण गोल फिरवलं. मग बोट टॉर्चच्या उजेडात आणून पाहिलं.

"काय गं?" वरून आई म्हणाली. "गळतंय का?"

"नाही. कोरडं आहे."

वर पावलं जराशी सरकली. मग पुन्हा तांब्या बुडाला.

"अजून ओतू?"

"ओत," वरदा म्हणाली. "सगळी बादली ओत."